तळहातावरचे ठोके

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधाशी त्याचा संबंध एवढाच, की सर्दी झाली तरी गोळी घ्यायचा नाही. पण आजारी इंजिन फाटकातून आत येत असतानाच हा गडी चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा, "तीन नंबरचा नोझल गेलाय," आणि उघडून बघावं तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तीन नंबरचीच तोटी गेलेली असायची. छत्तीस वर्षांत किती वेळा चुकला म्हणाल, तर दोनदा. आणि त्या दोन्ही चुका तो अजून कबूल करत नाही.

गारठलेल्या इंजिनाचा तर त्याला भलताच नाद. थंडीच्या दिवसांत बंद पडून राहिलेलं इंजिन सुरू करायचं असलं, की सुटी टाकलेली असली तरी हा हजर. आधी ते नुसतं कण्हतं. मग एक सिलिंडर खोकतो, थोड्या वेळानं दुसरा, पांढरा धूर निघतो, आणि एकदम सगळे मिळून ताल धरतात. तेवढ्यासाठीच हा माणूस जन्माला आलाय असं बायको म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे! कारण घरी आल्यावरही ते संपायचं नाही. जेवताना ताटाच्या कडेवर, झोपताना पलंगाच्या पट्टीवर याची बोटं तोच ताल वाजवत राहायची. "आली का माझी सवत घरी?" ती विचारायची. "बोटं आवरा, नाहीतर तिच्याकडेच जा जेवायला." चाळीस वर्षं ऐकून ऐकून तो ताल तिला असा पाठ झाला होता, की भाजी चिरताना तिची सुरीही त्यावरच चालायची. हे कुणी दाखवून दिलेलं मात्र तिला अजिबात खपायचं नाही.

शेडमध्ये कानात घालायला बोळे मिळायचे. वैद्यानं ते कधी घातले नाहीत. "नाडी बघायची ती काय हातमोजे घालून?" म्हणत घालणाऱ्यांची टिंगल करायचा. मग व्हायचं तेच झालं. निवृत्तीनंतर चार वर्षांत दोन्ही कान गेले. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग बायकोचं बोलणं. डॉक्टरांनी यंत्र दिलं, त्यात नुसती खरखर. ते कपाटात जाऊन पडलं. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? लपवलं! ओठ वाचायला शिकला, आधी बायकोचे, मग समोर उभं राहून बोलणाऱ्यांचेही थोडेफार. कुणी भेटलं की ती शेजारी उभी राहायची, हसण्यासारखं काही निघालं की हळूच त्याची बाही ओढायची, आणि हा हसायचा. लोकांना वाटायचं, म्हातारपणी दोघांचं प्रेम नुसतं उतू चाललंय. अशी दोन वर्षं काढली त्यांनी.

अशात शेडच्या साहेबांचा निरोप आला. तिथलं शेवटचं जुनं इंजिन, डबे इकडून तिकडे ढकलणारं सहा सिलिंडरचं, चार महिने बंद उभं होतं. त्याला सगळे म्हातारी म्हणत. ती धड सुरू झाली तर अडीअडचणीला ठेवायची, नाहीतर भंगारात. वैद्यानं उद्या सकाळी यावं, ऐकावं आणि सांगावं.

"तब्येत बरी नाही म्हणून कळवा," बायको त्याच्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाली.

"मी नाही गेलो तर तिला मोडीत काढतील."

"आणि जाऊन काय कप्पाळ ऐकणार आहात?"

तो उठून शेडचे जुने बूट पुसायला बसला. सकाळी तिनंच आधी चपला घातल्या.

शेडमध्ये सगळं रीतसर झालं. मिस्त्री वैद्याच्याच हाताखाली शिकलेला, आता चाळिशीला आलेला. त्यानं इंजिनाच्या बाजूची दारं उघडली, सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं नाही ना, हे इंजिन हातानं फिरवून पाहिलं, तेलाचा पंप चालवला. मग म्हाताऱ्याकडे वळून त्यानं विचारलं, "करू का सुरू, काका?"

वैद्यानं हात वर केला.

धूर निघाला. आधी पांढरा, मग करडा. पायाखालची जमीन थरथरायला लागली. वैद्यानं पत्र्यावर तळहात टेकवला, पण सगळा सांगाडाच हलत होता, त्यातून काय कळणार? आवाज म्हणाल तर काहीच नाही. ज्या आवाजासाठी तो आयुष्यभर थंडीत उठून आला, तो दोन हातांवर चालू होता, आणि त्याच्या कानात नुसता कापूस भरल्यासारखं झालं होतं. त्याला रडू आलं, ते त्यानं धुरावर ढकललं.

साहेब समोर येऊन उभे राहिले. "काय म्हणते म्हातारी? लोड देऊ?" लोड द्यायचा म्हणजे इंजिनावर ओझं टाकून त्याला जोर लावायला लावायचा. वैद्यानं नुसतं "हं" म्हणायचं होतं. त्याचं "हं" कधी कुणी तपासलं नव्हतं. त्या एका हुंकारावर म्हातारी वाचणार होती आणि त्याची अब्रूही.

पण मिस्त्री इंजिनाच्या उघड्या दारात उभा होता, चालत्या इंजिनापासून हातभर अंतरावर. दुसऱ्या एका शेडमध्ये असंच झालं होतं. आतला ठोका कुणी ऐकला नाही, लोड दिला, आणि लोखंडाचा दांडा पोलाद फोडून बाहेर आला. दारातल्या माणसाचा पाय गेला. वैद्य त्याला भेटायला गेला होता. आता त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं. त्याच्याही कानात बोळे नव्हते. गुरूचा कित्ता गिरवत होता बिचारा.

"बंद करा!" वैद्य ओरडला. "मला ऐकू येत नाही!"

स्वतःचा आवाज किती चढलाय हे त्यालाच कळत नव्हतं. अख्ख्या शेडनं ऐकलं. इंजिन थांबलं. साहेब भलतीकडेच बघायला लागले. मिस्त्री खाली उतरून जवळ आला.

"दोन वर्षं झाली," वैद्य म्हणाला. "लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. आणि तू आधी कानात बोळे घाल. माझं बघून घालत नाहीस, ठाऊक आहे मला. गाढवपणा केला मी. तू नको करूस."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "मग राहू दे," साहेब म्हणाले. "उगाच धोका नको. पाठवू भंगारात."

"थांबा जरा," वैद्याची बायको पुढे झाली. "पुन्हा चालू करा तिला."

"बाई, तुम्हाला यातलं कळतं?"

"शष्प कळत नाही. पण ताल चुकला तर मला कळतो. चाळीस वर्षं माझ्या ताटावर वाजलाय तो." तिनं नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि तळवा उलगडला.

मिस्त्रीनं कानात बोळे घातले आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. तिनं डोळे मिटले आणि दोन बोटांनी त्याच्या तळव्यावर वाजवायला लागली. जसं कानावर येईल तसं, बरोबर तसंच. वैद्याची मान हळूहळू डोलायला लागली. मग मध्येच अडली. दर फेरीला एक ठोका गिळला जात होता.

"एक लंगडतोय," तो म्हणाला. "खाली, अगदी खोलात, हातोडी मारल्यासारखं काही येतंय का बघ गं." ती वाकली, बराच वेळ ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. नव्हतं. "मग दांडे शाबूत आहेत. एकेका सिलिंडरचं डिझेल तोडा," त्यानं मिस्त्रीला खूण केली.

एक नंबरचं डिझेल तोडलं, तिची बोटं अडखळली. दोन नंबरचं तोडलं, अडखळली. तीनलाही तेच. चार नंबरचं तोडलं, तर काहीच फरक नाही.

"चार. तो आधीपासूनच बंद आहे," वैद्य म्हणाला.

नोझल बदलायला पाऊण तास लागला. तिसऱ्यांदा म्हातारी सुरू झाली तेव्हा त्याच्या तळव्यावर सगळे ठोके आले, एकही गळला नाही. साहेबांनी नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

"हं," वैद्य म्हणाला, आणि चारचौघांत ढसाढसा रडला.

लोड दिला, काढला. म्हातारीला ठेवून घ्यायचं ठरलं. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. धूर विरला, पायाखालची जमीन गप्प झाली. वैद्याला ते कळलं. पण बायकोची बोटं त्याच्या तळव्यावर चालूच होती, आणि त्यानं हात काढून घेतला नाही.