मास्तरिणीच्या उशाशी लाल दिवा

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळी सव्वासातला मास्तरिणीच्या डबीचा दिवा लाल. दूध उतू गेलं. नाश्ता झाला नाही.

सकाळी एवढंच लिहिता आलं. बाकीचं आता सावकाश लिहिते.

मास्तरीण म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघींचेही नवरे गेल्यापासून आम्ही एकत्र राहतो. शर्टांच्या कारखान्यात ती चौतीस वर्षं कापड कापायच्या टेबलावर मुख्य होती. एकावर एक साठ थर अंथरायचे आणि विजेच्या पात्याने एकदम कापायचे. त्या टेबलावर तिच्याआधी बाई नव्हती, त्यामुळे हिला मास्तर म्हणावं की काय यावर बराच खल झाला आणि मास्तरीण हे नाव चिकटलं. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. कोणी विचारलं तर म्हणते, "अडतीस नंबरच्या कॉलरबरोबर गेली."

कारखान्यात एकदा कोणीतरी इस्त्री चालू ठेवून घरी गेलं आणि अर्धा मजला जळाला. तेव्हापासून सगळ्यांच्या शेवटी निघून मेन स्विच पाडायचं काम हिने स्वतःकडे घेतलं. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. झोपण्याआधी घरभर फिरून ती सगळी बटणं बंद करते, सकाळी पुन्हा लावते. माफी फक्त फ्रिजला आणि पंख्यांना.

गेल्या महिन्यात तिला पेसमेकर बसवला. तीन तारखेला एक माणूस तिच्या पलंगाशेजारी पांढरी डबी ठेवून गेला. ही डबी हृदयाची खबर घेऊन आपणहून इस्पितळाला कळवते म्हणे. हिरवा दिवा म्हणजे ठीक. लाल लागला तर काय, असं मी विचारलं, तर "तो लागतच नाही हो" म्हणाला आणि निघाला.

आज सकाळी तिने बटणं लावली आणि तो लागला. मी खोलीत गेले तेव्हा ती पुन्हा पलंगावर उताणी पडलेली, डोळे छताला.

"ताई, मी आहे ना?"

"आहेस गं."

"मग उठू का?"

"नको," मी म्हणाले. कशाच्या आधारावर, देव जाणे. पण तिने ऐकलं. जन्मात पहिल्यांदा तिने माझं मुकाट्याने ऐकलं, त्यानेच मी जास्त घाबरले.

डबीवर हृदयाचं चित्र होतं आणि त्यात उद्गारचिन्ह. माहितीपुस्तक बारा भाषांतलं, त्यात मराठी नाही. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर छडी घेऊन इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे शब्द सगळे ओळखीचे होते, पण तिचं हृदय चाललंय की नाही हे त्यात कुठेच नव्हतं. फोनमधलं अ‍ॅप उघडलं, तर त्याला पासवर्ड हवा. तो दिला, तर नवा ठेवा म्हणालं. तोही ठेवला. मग नऊ चित्रं आली: सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा आणि आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करा.

मास्तरीण पडल्या पडल्या म्हणाली, "छातीत यंत्र माझ्या, आणि परीक्षा तुमची! अर्धा खांब दिसतोय तो धरायचा का, विचारा त्यांना."

मला हसू आलं नाही. दोनदा नापास झाले.

शेवटी पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर लावला. एक दाबा, चार दाबा, मग सतारीचे सूर; फोन तुटला की पुन्हा एक दाबा. तेवढ्या वेळात मी तीनदा तिची नाडी पाहिली. दोनदा मला सापडलीच नाही. तिसऱ्यांदा तिनेच माझं बोट योग्य जागी ठेवलं. साडेबाराला एक मुलगी बोलायला आली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आजी, डबी रात्री बंद असते का?"

"आजी कोणाला म्हणते हो ही?" पलंगावरून आवाज आला. "आणि बंद म्हणजे? रात्री सगळंच बंद करते मी."

"अहो, ती रात्रीच माहिती घेते," मुलगी म्हणाली. "बरेच दिवस मिळाली नाही की लाल दिवा लागतो."

मी डायरी उघडली. तीन तारखेपासून रोज शेवटची ओळ तीच: मास्तरिणीने बटणं बंद केली. अकरा रात्री. मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मुलीने डबीवरचं बटण दाबून माहिती लगेच पाठवायला लावली. पेसमेकरमध्ये साठलेलं अकरा दिवसांचं सगळं आता पोचेल, म्हणाली. काही वाईट निघालं तर डॉक्टर सहापर्यंत फोन करतील.

"आणि चांगलं निघालं तर?"

"तर फोन येणार नाही."

एक ते सहा आम्ही फोनसमोर बसलो. मास्तरीण हळूहळू उठून उशीला टेकली. "कापलेला गठ्ठा बिनचिठ्ठीचा मी टेबलावरून हलू दिला नाही कधी," ती म्हणाली. "काय आहे, कुठे जायचं, कोणी कापलं, तीन ओळी. ह्यांना एक ओळ लिहिता येत नाही? वीज नाही, हृदय ठीक आहे. झालं."

"ठीक आहे हे कुठे कळलंय अजून?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. ती खिडकीकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसले, तेही मला दिसू नये असे.

पावणेसहाला फोन वाजला. दोघींपैकी कोणाचाच हात पुढे होईना. पाचव्या घंटीला मी उचलून स्पीकरवर टाकला. ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचमध्ये सांगा.

"शून्य आहे का बघा," मास्तरीण म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सहा वाजून गेले. मग तिला नवीच शंका: त्यांचाच फोन बिघडला असेल तर? मी पुन्हा नंबर लावला. सतार ऐकली. दुपारचीच मुलगी निघाली.

"सगळं छान आहे हो. दीडलाच कळलं होतं आम्हाला."

मी फोन ठेवला आणि मास्तरिणीला सांगितलं. "दीडला?" ती म्हणाली. " ताई, साडेचार तास मी मनात किती वेळा मेले माहितीये?"

माहीत होतं. मीही तेच करत होते.

संध्याकाळची नोंद: डबीच्या बटणावर चिकटपट्टी लावली. आजपासून दोन्ही खोल्यांची दारं रात्री उघडी ठेवायची.