जपानी हॉटेलातल्या सहा बशा

कुंडलचे नानासो म्हणजे फौजेत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर ड्युटी. माणूस लय कडक. आणि फौजेतली एक रीत त्यांच्या हाडीमाशी खिळलेली, घरच्या पत्रात दुखणं म्हणून लिहायचं नाही. एकदा पायात गोळी घुसून तीन महिने दवाखान्यात पडले होते, आणि घरी पत्र काय? 'इकडे सर्व खुशाल, रोज मटण मिळते.' बायकोनं, रंगुबाईंनी, ते पत्र साऱ्या आळीला वाचून दाखवलं. कसलं डोंबलाचं मटण! पेज पीत होते बिचारे.

त्यांचा एकुलता एक पोरगा राजवर्धन. जपानात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागला. पहिल्याच थंडीत त्याचा फोन आला, "आबा, मला हितं करमत न्हाई. परत येऊ का?"

नानासोंचा पारा चढला. "रडतुयास काय रं? म्या बर्फात वरीस काढलं. शिपायाचं पोर हायस, घरच्यांस्नी रडगाणं कळवायचं न्हाई!"

पोरानं ऐकलं, हाच घात झाला. त्यानंतर त्याची एक तक्रार आली नाही. फोटो मात्र यायचे, 'दोस्तांसोबत जेवायला आलोय.' शेवटच्या फोटोत टेबलावर सहा बारक्या बशा होत्या आणि हिरव्या रंगाचं कसलंसं ड्रिंक. पुढच्या आठवड्यात त्याला ताप भरला. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकानं त्याची खोली उघडून बघितली, तर सगळं संपलं होतं.

या गोष्टीला वर्ष झालं. साताऱ्यात नवीन जपानी हॉटेल निघालंय असं कळलं, तशी रंगुबाईंनी गावाकडनं फोन केला. "आवं, पोरगं तिकडं काय खात हुतं, ते एकदा खाऊन या. त्याच्यावानी दोस्तांत बसून खावा. आन मला सांगा."

म्हणून पलटणीतले दोघे जुने दोस्त, गुंडा आणि नाथाजी, नानासोंना घेऊन संध्याकाळी सात वाजता तिथं पोचले. नानासोंनी वाढणाऱ्या बाईंपुढं फोटो धरला. "ह्येच पायजे. अगदी असंच."

त्या दीपमालाबाई, मलकापूरच्या. त्यांनी एकेक बशी आणून मांडली. कुठं काडीला खोवलेलं चिकन, कुठं वाफवलेल्या बारक्या करंज्या, तर कुठं आंबवलेली काकडी.

"च्यायला, एवढ्यात आमचं मांजर बी जेवायचं न्हाई," नाथाजी म्हणाला. गुंडानं त्या हिरव्या कॉकटेलचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कॅन्टीनची रम बरी गड्या! ह्यो तर काढा हाय." नानासोंना वर्षात पहिल्यांदा हसू आलं.

हसता हसता त्यांनी फोटोतल्यासारख्या बशा लावायला घेतल्या. बाईंनी तिघांपुढं खायच्या काड्यांचा एकेक जोड, एकेक ग्लास ठेवला होता. नानासोंनी टेबलाकडं बघितलं, मग फोटोकडं. शंभरदा बघितलेला फोटो! पण त्या काड्या कशाच्या, हे कुंडलच्या माणसाला काय माहीत? आज कळलं. फोटोत काड्यांचा जोड एकच होता.

"नाथा, हितं एकच मानूस बसलंय रं."

नाथाजीनं फोन हातात घेतला. "आरं, बाकीच्यांनी काड्या हातात धरल्या असत्याल."

"आन ग्लास? त्योबी एकच हाय."

नाथाजीनं फोन हळूच टेबलावर ठेवला. गुंडानं मान खाली घातली.

"म्या पेज पिऊन मटण लिवत हुतो," नानासो म्हणाले, "आन ह्येनं एकट्यानं बसून दोस्त लिवलं. येऊ का म्हणून इचारलं हुतं रं त्यानं मला! म्या येऊ दिलं न्हाई." हवालदाराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रंगुबाई.

"आवं, जेवलासा का? खरं सांगा, पोरगं एकलं तर नसंल पडलं तिकडं?"

नानासोंनी बाहीनं डोळे पुसले. "एकलं कसलं? फोटू नीट बघितला आज. चौघं-पाच जण हायती. धा हातांचं जेवान हाय त्ये."

पलीकडं बराच वेळ नुसते हुंदके. मग रंगुबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटायचं, पोराला घरला यावंसं वाटत असंल, आन आपुन बोलावलं न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. नानासो मात्र तो बंद फोन कानाला लावून तसेच बसून राहिले.