चार इंच की सहा
माझे शेजारी बँकेत नोकरीला जातात ते पिकअपने. ती उंच करायला लिफ्ट किट चार इंचांचं घ्यावं की सहा, यात त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. "कुवेतमध्ये राहतो आपण, गाडी वाळवंटाची हवी!" म्हणत समोरच्याच्या गाडीच्या टायरवर बूट आपटायची त्यांना सवय. शेवटी सहा इंच आणि भलेमोठे टायर आले. आता वहिनी प्लास्टिकच्या स्टुलावरून गाडीत चढतात.

हिवाळ्यात आम्ही वाळवंटात तंबू ठोकायला निघालो, तेव्हा दोघं माझ्या जुन्या छोट्या गाडीत येऊन बसले. "नवे टायर आहेत हो, वाळूत कशाला?"

माझी गाडी वाळूत रुतली. मी गुडघ्यांवर बसून वाळू उपसू लागलो. ते उतरले. वाटलं, हात लावतील. त्यांनी रुतलेल्या टायरवर बूट आपटला. "तरी मी सांगत होतो, गाडी उंच हवी."