एनिमाचा रविवार

आमच्या घरात पोट फक्त रविवारी साफ व्हायचं. सोमवार ते शनिवार बाबांनी सोसायचं. मग रविवारी दादा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मिसरोदहून गाडी काढून आमच्या कोटरा सुल्तानाबादला येणार, शर्टाच्या बाह्या दुमडणार, बाबांच्या खोलीचं दार आतून लावून घेणार, आणि बाबांना एनिमा मिळणार. मी त्याच घरात राहते, बाबांच्या शेजारच्या खोलीत. सकाळी शाळेत गणित शिकवते, दुपारी घरी येते, आणि उरलेला सगळा दिवस आम्ही दोघंच असतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण मी मुलगी, त्यामुळे हे काम माझं नाही असं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं म्हणाल तर कोणीच नाही. कोणी ठरवलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

बाबांना कंपवात आहे. हात थरथरतात, पाऊल उचलायला वेळ लागतो, आणि या आजारात आतडंसुद्धा मंदावतं हे आम्हाला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. तोवर इसबगोल, पपई, मनुका, एरंडेल सगळं करून झालं होतं. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक रबरी बल्ब काढला. मुठीत मावेल एवढा, पुढे निमुळती नळी. औषधानं तीन दिवसांत झालं नाही तर याने कोमट पाण्याचा एनिमा द्या, घरच्या घरी देता येतो, आणि धुऊन पुन्हा वापरता येतो, असं त्यांनी सांगितलं. पाणी किती, किती गरम, कोणत्या कुशीवर झोपवायचं, हे सगळं विचारत होते मी. डॉक्टर उत्तरं देत होते दादाकडे बघून. दादा मोबाइलकडे बघत होता. आणि बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, जणू आम्ही तिघं भलत्याच कोणाच्या पोटाबद्दल बोलत होतो.

बल्ब आणायला दादाच गेला. मेडिकलवाल्यानं तो आधी वर्तमानपत्रात गुंडाळला, मग काळ्या पिशवीत घातला, मग पिशवीला गाठ मारली. चोरीचा माल घरी यावा तसा तो आमच्याकडे आला. दादानं पिशवी माझ्या हातातसुद्धा दिली नाही, सरळ बाबांच्या कपाटात ठेवली. त्या वस्तूचं नाव घरात कोणी घ्यायचं नाही. ‘ते’ म्हणायचं. ‘दादा, ते आहे ना जागेवर?’ असं बाबा विचारायचे, आणि दादा मान हलवायचा.

दर रविवारी ते उरकलं की दादा स्वच्छतेला लागायचा, आणि त्याची स्वच्छता बघण्यासारखी असायची. वेगळी बादली, वेगळा मग, वेगळा साबण, वेगळं फडकं. यातलं काही माझ्या बादलीला लागता कामा नये. बल्ब बाहेरून घासघासून धुवायचा, त्यावर डेटॉल ओतायचं, सगळ्या घराला दवाखान्यासारखा वास येईपर्यंत ओतायचं. मग तो ओलाच्या ओला त्या काळ्या पिशवीत कोंबायचा, गाठ मारायची, आणि पिशवी बाथरूमवरच्या माळ्यावर, जुन्या गीझरच्या खोक्यामागे ढकलायची. कामाला येणाऱ्या बाईंना दिसू नये म्हणून. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. दिसलं नाही की झालं स्वच्छ, हा आमच्या घराण्याचा शास्त्रीय दृष्टिकोन. बल्ब आतूनही धुवायचा असतो हे त्याला सुचलं नाही, कारण त्यासाठी त्यात साबणाचं पाणी ओढून घ्यावं लागतं, हलवावं लागतं, बाहेर काय येतं ते बघावं लागतं. बघणं त्याला नको होतं.

बाबा सांगू शकले असते. बाबांनी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. पुण्याहून बदली होऊन इथं, हिंदी मुलखात आले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. हत्यार पुसल्याशिवाय, तेलाचं बोट फिरवल्याशिवाय जागेवर ठेवायचं नाही, हे मी पाना म्हणजे काय ते कळायच्या आधी शिकले. लहानपणी सायकलची हवा भरून पंप तसाच टाकला म्हणून मला जेवणावरून उठवलं होतं यांनी. आणि हेच बाबा, स्वतःच्या शरीरात जाणारं हत्यार ओलं कोंबून ठेवलं जातंय हे माहीत असताना, अवाक्षर बोलले नाहीत. लाज वाटली की माणसाचं आयुष्यभराचं ज्ञानसुद्धा असं गिळलं जातं.

मग एका रविवारी दादा आला नाही. इंदूरला सासरकडचं लग्न होतं. सोमवारी त्याला ऑफिस. मंगळवारपर्यंत बाबांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. बुधवारी मी शाळेतून आले तर बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हातांनी पोट धरून, कपाळावर घाम. पोटाला हात लावला तर दगड. औषधाचा दुप्पट डोस घेऊन झाला होता, मला न विचारता.

मी दादाला फोन लावला.

“रविवारी येतोच आहे ना मी,” तो म्हणाला. “तोपर्यंत पपई दे.”

“पपई? अरे, त्यांना बसवत नाहीये.”

“यार, मी मीटिंगमध्ये आहे. होशंगाबाद रोडवर या वेळेला किती जाम असतो माहीत आहे ना तुला? थोडा तो ॲडजस्ट करा.”

मी फोन ठेवला. ॲडजस्ट! हा शब्द कोणी शोधला त्याला एकदा भेटायचंय मला.

स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला, खोक्यामागून पिशवी ओढली आणि गाठ दातांनी सोडवली. कुबट वास आला. बल्ब बाहेरून चकचकीत होता, अगदी नवा वाटावा असा. मी त्यात पाणी ओढलं, हलवलं आणि पांढऱ्या मगमध्ये पिळलं. पाण्याबरोबर काळे ठिपके बाहेर आले. पुन्हा पिळलं, पुन्हा आले. बुरशी होती ती. दर रविवारी दार लावून, डेटॉल ओतून, एवढी इभ्रत सांभाळून आम्ही हे बाबांच्या पोटात सोडत होतो.

तो पांढरा मग मी तसाच बाबांसमोर नेऊन धरला.

“हे बघा. तुमच्या बल्बमधून निघालंय.”

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“टूलरूममध्ये असं हत्यार कोणी परत ठेवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“घरी पाठवला असता त्याला,” बाबा म्हणाले.

मी बल्ब केरात टाकला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेले. दुकानात गर्दी होती. मी काउंटरवरून स्पष्ट आवाजात म्हटलं, “भैया, एक एनिमा बल्ब देना, और जेली.” शेजारचा माणूस पावडरचे डबे वाचू लागला. मेडिकलवाल्यानं वर्तमानपत्राकडे हात नेला तेव्हा मी म्हटलं, “ऐसे ही दे दो.” हातात बल्ब धरून मी घरी चालत आले. रस्त्यावरच्या एकाही माणसाला त्यानं काही झालं नाही.

बाबांनी बल्ब बघितला आणि मान फिरवली. “तू नाही करायचंस.”

“का?”

“मुलीनं करायचं नसतं हे.”

“आई असती तर तिनं केलं असतं.”

“ती बायको होती.”

“मग मी कोण आहे?” माझा आवाज चढला होता, खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. “रोज तुमच्या शर्टाची बटणं लावते, दाढी करते, पायाची नखं कापते. तेव्हा मी मुलगी नसते? पोट एवढंच मुलाचं, आणि बाकीचे बाबा माझे?”

पोटात कळ आली असावी, कारण त्यांनी उशी आवळून धरली. कळ ओसरल्यावर म्हणाले, “खिडकी लावून घे. दिवा बंद कर.”

“खिडकी लावते. दिवा राहील. मला दिसायला हवं.”

मग त्यांनी उशालगतचा टॉवेल घेतला आणि स्वतःच्या तोंडावर ओढला. तोंडावर टॉवेल घेऊन डाव्या कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. तो टॉवेल बघून मला रडू यायला हवं होतं. मला नुसती चीड आली. शरम करावी असं या खोलीत कोणी काही केलंच नव्हतं.

पाणी मनगटावर ओतून बघितलं, कोमट होतं. बल्बमधली हवा काढून टाकली, पाणी भरलं, नळीला जेली लावली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात होतं, कारण त्या दिवशी ऐकत होते ती मीच. सावकाश दाबायचं. आणि बाहेर काढेपर्यंत मूठ सैल सोडायची नाही, नाहीतर तो सगळं परत ओढून घेतो. एवढंच. चहा करण्यापेक्षा थोडं अवघड, इतकंच काम ते. याच्यासाठी एक माणूस दहा दिवस कळा सोसत होता.

थोड्या वेळानं मी त्यांना धरून कमोडपर्यंत नेलं आणि दाराबाहेर उभी राहिले. बाबा बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा होता, पण कपाळावरची आठी गेली होती. वरण-भात मागून घेतला आणि जेवल्यावर गाढ झोपले. मला काही म्हणाले नाहीत.

मी बल्ब धुतला. नळी वेगळी काढून साबणाच्या गरम पाण्यात घातली. बल्बमध्ये तेच पाणी ओढलं, हलवलं, पिळून टाकलं, आलेलं पाणी बघितलं, पुन्हा ओढलं. बुळबुळ जाईपर्यंत, मग साध्या पाण्यानं फेस जाईपर्यंत. आणि मग गॅलरीत, दोरीला, तोंड खाली करून टांगला, माझ्या ओढण्या आणि डस्टरच्या शेजारी. शेवटचा थेंब गळून आतून कोरडा होईपर्यंत तिथंच राहणार होता तो.

शनिवारी पुन्हा गरज पडली, पुन्हा केलं. तोंडावर टॉवेल होताच. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बल्ब पुन्हा दोरीवर गेला.

रविवारी दादा आला, तो बाह्या दुमडतच. त्याला सांगितलं, झालंय. त्याला खरं वाटेना. मग गॅलरीत गेला आणि तिथून दबक्या आवाजात ओरडायला लागला.

“तुझं दिमाग ठिकाणावर आहे का? हे इथं? सामनेवाले बघतायत!”

“बघू देत. त्यांनाही पोट आहे.”

“बाबांची काही इज्जत आहे की नाही?”

“बुरशीनं राखली जात होती ती?”

त्यानं बल्ब खसकन ओढून काढला. इतक्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते, ग्वाल्हेरचे, वयानं बाबांएवढेच. रविवारी सकाळी बाबांशी गप्पा मारायला येतात. ते आत येऊन बसले. दादाला बल्ब ठेवायला जागा मिळेना, म्हणून तो पाठीमागे हात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. मी चहा टाकायला गेले. माझं डोकं इतकं तापलं होतं की साखर दोनदा घातली.

ट्रे घेऊन बाहेर येते तो बाबांचा आवाज ऐकू आला. फोरमनचा आवाज, खूप वर्षांनी.

“काय लपवतोयस? जा, परत दोरीवर लाव. नीट वाळला नाही तर आत बुरशी धरते.”

दादा लाल झाला. काकांनी मान वळवून त्याच्या हाताकडे बघितलं. दादा मुकाट्यानं गॅलरीत गेला.

काकांनी जरा वेळ गुडघे चोळले. मग खुर्ची पुढे सरकवून हळूच विचारलं, “माफ करा, पण हे घरच्या घरी होऊन जातं का? मी तर कधीपासून परेशान आहे. कुणाला सांगता पण येत नाही.”

“होतं,” बाबा म्हणाले.

“पण करून कोण देणार? मुलगा बेंगलोरला आहे. मुलगी आहे इथंच, कोलार रोडला, रोज येते बिचारी. पण मुलीला कसं म्हणायचं? अच्छं नाही दिसत.”

बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला.

“तिलाच सांगा,” ते म्हणाले. “आजच सांगा. मी रविवारची वाट बघत बसलो, तो गाढवपणा होता. मुलीचा हात हलका असतो. माझी करते ना. फार नीट करते.”

मी दारात उभी होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, काकांकडे बघत होते. फार नीट करते, हे वाक्य माझं होतं. बुधवारी माझं होतं, शनिवारी माझं होतं, तोंडावरचा टॉवेल काढून त्यांनी ते मला म्हणायला हवं होतं. ते खालच्या मजल्यावरच्या माणसाला मिळालं, आणि मी हातात ट्रे धरून ते ऐकलं.

मी ट्रे टेबलावर असा ठेवला की तिन्ही कप सांडले. बाबा दचकले. काका उठायला लागले.

“बसा काका,” मी म्हटलं. “बल्ब कसा वापरायचा, कसा धुवायचा, ते तुमच्या मुलीला मी दाखवते. तिला वर पाठवा.”

मग गॅलरीतून आत आलेल्या दादाकडे वळले आणि म्हटलं, “चहा सांडलाय. पूस.”