बद्द वाजलेले सात बोल्ट

मला आधीच ठाऊक होतं आणि मी अण्णांना सांगितलं नाही. हे पहिल्यांदाच कबूल करून टाकते.

अण्णा म्हणजे माझे वडील. परळीच्या शेडमध्ये कोळशाच्या इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. बाजारात माठ घेतानाही बोटानं वाजवून, कान लावून, दहा माठ नापास करून अकरावा घेणार. कुंभार वैतागायचे.

इंजिनं बंद झाली, शेड ओस पडलं. अलीकडे काही हौशी मंडळी दर रविवारी येऊन तिथलं एक जुनं इंजिन नीट करू लागली. संग्रहालय करायचं म्हणे. ते कळल्यापासून अण्णांनी धोशा लावला, "मरायच्या आधी एकदा त्याला वाफ धरलेली बघायची हाय मला." संग्रहालयाचं काम बघणाऱ्या बाईंनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं होतं, भट्टी पेटणार नाही. पण म्हटलं, इंजिन बघूनच खूश होतील. काय ही माझी अक्कल!

ऐंशी ओलांडलेला माणूस जुना खाकी सदरा घालून, हातोडा नि खडू खिशात टाकून निघाला. शेडमध्ये कुणाला रामराम नाही की काही नाही. थेट इंजिनावर चढले, भट्टीच्या दारापाशी बसले आणि पत्र्यातले बोल्ट एकेक करून ठोकू लागले. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला, तर तो आतून तुटलेला. त्यावर खडूची फुली.

"काका, रंग ताजा आहे हो!" खालून ब्रश घेतलेला एक टकला इंजिनिअर ओरडला. अण्णांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तासाभरानं घामाघूम होऊन उतरले. तोंडावर काय तेज होतं! "सात तुटल्यात. ते बदलल्याबिगर आग घालू नका बाबांनो. लई वंगाळ होईल, जीव जातील."

"आग कोण घालतंय काका?" इंजिनिअर हसला. मनानं वाईट नव्हता तो. "लग्नातलं धुराचं मशीन बसवलंय. बटण दाबलं की धूर. शिट्टी स्पीकरवर." आणि वर चढून त्यानं फडक्यानं सातही फुल्या पुसून टाकल्या, अण्णांच्या देखत.

अण्णा माझ्याकडे वळले. "तुला म्हाईत होतं?"

"हो."

"मग मला कावून आणलंस?"

तेवढ्यात बाईंनी हातोडा मागितला, काचेच्या कपाटात ठेवायला. मला वाटलं, आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट्यानं देऊन टाकला.

या उन्हाळ्यात मी माठ आणला आणि मुद्दाम त्यांच्या खाटेपाशी ठेवला. "अण्णा, वाजवून बघा की."

"चांगला दिसतोय ना? मग झालं," म्हणाले आणि कूस बदलली.

माठ पहिल्याच दिवशी गळला. तसाच वापरते आहे, खाली परात ठेवून.