नाव घ्यायचं नाही

मुळशी धरणात पाणी जास्त की आमच्या थोरल्या साडूंच्या पोटात काळजी जास्त, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून साडूंच्या बाजूने कौल देईन. धरण निदान उन्हाळ्यात आटतं तरी. भातशेतीला जोडून साडूंनी कृषी पर्यटन केंद्र काढलं, तेव्हापासून शनिवार-रविवारी येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना चालताबोलता अपघातच दिसतो. "पावना आला तसा घरी गेला पायजे," हे त्यांचं ब्रीद. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, तेव्हा ती पेलते का बघायला हा धिप्पाड गृहस्थ स्वतः तिच्यावर उड्या मारत होता, आणि आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, काठावर उभी राहून देवाचा धावा करत होती. झोपाळ्याचा पहिला झोका साडूंचा. बैलगाडीची पहिली फेरीही त्यांचीच, एकट्यांची, तोंड इतकं गंभीर की बैलांना वाटावं, आपण कुणाला दवाखान्यात नेतोय. गमबुटांशिवाय खाचरात पाऊल टाकायचं नाही, आणि ते बूटही साडू आधी उलटे करून आपटणार. घरचा माणूस म्हणून मी एकदा चपलेवर निघालो, तर हाताला धरून मागे आणलं. "पावनं, साडू झालात म्हून पाय लोखंडाचं झालं का तुमचं?"

एवढा बोलका माणूस, पण 'साप' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गावाकडे सापाला जनावर म्हणतात, नाव घेतलं की तो येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण बाकीचे लोक दिवेलागणीनंतर जे पाळतात ते साडू भर दुपारीही पाळत. नाग म्हणजे 'फण्याचं', घोणस म्हणजे 'ठिपक्यांचं'. असं का, म्हणून मी खोदून विचारलं की विषय हटकून भाताच्या लोंब्यांवर जाई. वाटेवर पाटी लावली तीसुद्धा 'जनावरांपासून सावध राहा'. ती वाचून पाहुणे गोठ्यापासून चार हात लांब राहत आणि आक्काला विचारत, "तुमची गाय मारते का हो?" आक्काच्या जिवाला ते फार लागे. "मारती? माझी कपिली? लेकरावानी गरीब हाय ती!" मला मात्र कुतूहल स्वस्थ बसू देत नव्हतं.

गेल्या वर्षी भात निसवून लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास मारुंजीच्या कुठल्याशा सोसायटीतून एक आयटीतलं जोडपं आलं, बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. साडू पुढे काठी आपटत, मागे मुलगी, मग तिचे आईबाप आणि शेवटी मी, असे आम्ही बांधावरून चाललो होतो. साडू एकदम थांबले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा. फुडं जनावर हाय."

झालं! पोरगी सकाळपासून जनावरं बघायलाच आली होती. गाय झाली, शेळी झाली, आता हे नवीन. "कुठंय? मला बघायचंय!" म्हणत ती त्यांच्या हाताखालून निसटली. बापाने मोबाइल काढला. "अगं हळू, घाबरेल ते!" साडू ओरडत होते, "जनावर! आगं बाय, जनावर!" आणि ते जितकं ओरडत तितकी ती हुरूपाने पळत होती. पुढे गवताच्या कडेला घोणस वेटोळं घालून फुत्कारत होती.

"साप!" साडूंचा आवाज फुटला. "साप हाय, साप! हालू नगंस!"

मुलगी जागच्या जागी थिजली. साडूंनी तिला मागून उचललं आणि तसेच मागे सरकत आले. घोणस गवतात निघून गेली.

"काका, आधीच साप म्हणायचं ना," घरी आल्यावर बाप रडवेला होऊन म्हणाला. साडूंनी नुसती मान हलवली. मंडळी आली तशी धडधाकट परत गेली, पण साडू पडवीच्या पायरीवर बसले ते उठेनात. मी शेजारी बसलो. त्या दिवशी मी काहीच विचारलं नाही, तेच बोलले.

"धाकटी भन व्हती मला. मी बी तवा ल्हानच. अशीच बांधावरनं फुडं पळत व्हती. मला दिसलं व्हतं, पावनं. पन आयनं बजावल्यालं, नाव घ्यायचं न्हाई. म्या आपला 'जनावर, जनावर' वरडतुया. तिला वाटलं, आपलं रेडकू सुटलं. धराया गेली."

मी हळूच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

साडूंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शेवंता," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "शेवंता."

आक्का चहा घेऊन दारात उभी होती. या घरात नांदता नांदता तिचे केस पांढरे झाले, पण नणंदेचं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. चहा तसाच खाली ठेवून ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

साडू समोरच्या भाताकडे बघत म्हणाले, "लई बडबडी व्हती."