अनुसयाबाईंच्या टीव्हीतल्या मुंग्या

आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीत कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना त्याचं तोंड कसं झालं होतं, हे जाणून घ्यायचं तर अनुसयाबाईंना विचारावं. मी त्यांच्या अगदी समोर राहते. माझ्या घरच्या बातम्यासुद्धा मला कित्येकदा त्यांच्याकडूनच कळायच्या. मी भांडकुदळ बाई आहे, दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी दारात उभी राहून हिशोब चुकता केला असता. अनुसयाकाकूंवर मात्र राग टिकत नसे, कारण त्या पाहायच्या सगळं आणि बोलायच्या फार थोडं.

ही सवय देवळीची. त्यांचे यजमान प्रभाकरराव यांचं तिथं स्टँडजवळ कापडाचं दुकान होतं. ते गादीवर बसून कापड फाडायचे, आणि काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे हात बघायच्या. लग्नसराईच्या गर्दीत एखाद्या बाईच्या थैलीत ब्लाउजपीस सरकला की त्यांना लगेच कळे. पण आरडाओरडा नाही. त्या नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, या बाईसाठी चहा सांगा. अद्रकवाला." चहा यायचा. बाई घोट घ्यायची, काकू तिच्याकडे मायेनं बघत बसायच्या. कप रिकामा व्हायच्या आत ब्लाउजपीस बाहेर. "अगं माय, हे माह्या थैलीत कसं आलं वो?" काकू म्हणायच्या, "होते बाई, गर्दीत."

"बोंब मारली तं गिऱ्हाईक जाते," त्या मला सांगायच्या. "चहा पाजला तं माल बी राह्यते अन् गिऱ्हाईक बी."

प्रभाकरराव गेले, दुकान बंद झालं, आणि काकू पिपरी मेघेच्या घरात एकट्या राहू लागल्या. स्टुलाची जागा पुढच्या खोलीतल्या खिडकीनं घेतली आणि गिऱ्हाइकांची आम्ही. एकदा त्या लग्नाला देवळीला गेल्या आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लक्ष्मणरावांच्या बोअरची मोटर चोरीला गेली. "मी नव्हती म्हणून गेली," एवढंच त्या म्हणाल्या.

पण ही बातमी पुण्याला पियुषच्या कानावर गेली. पियुष त्यांचा एकुलता मुलगा, कॉम्प्युटरवाला. पोराला कॉम्प्युटरची नोकरी लागली की आईसुद्धा बटन दाबून चालते असं त्याला वाटायला लागतं, हा माझा अनुभव आहे. दोन हजार आठच्या दिवाळीत तो आला तोच म्हणाला, "आई, आता पुण्याला चाल." काकूंनी पाय रोवले. दोघांची अशी जुंपली की लाडूसुद्धा कोणी चाखेना. शेवटी तहाच्या अटी ठरल्या. फाटकाच्या खांबावर बिनतारी कॅमेरा लागेल. त्याचं चित्र हवेतून टीव्हीजवळच्या एका डबीत येईल आणि डबीतून टीव्हीवर दिसेल. काकूंनी आत बसून कोण आलं ते बघायचं, मगच दार उघडायचं. उन्हाळ्यापर्यंत हे नीट चाललं तर त्या इथंच राहतील. नाही चाललं तर घर भाड्यानं जाईल आणि त्या पुण्याला.

हिवाळाभर कॅमेरा असा चालला की मालिका बघायची कोणाला गरजच उरली नाही. दूधवाला तानबा घंटी वाजवण्याआधी खांबासमोर उभा राहून भांग पाडतो, हे आम्हाला कळलं. पूजेसाठी चोरलेल्या फुलाचं पाप लागत नाही म्हणणारे लक्ष्मणराव पहाटे कानटोपी घालून काकूंची जास्वंदी ओरबाडतात, हेही कळलं. काकू त्यांना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना चहाला बोलावलं. तेव्हापासून लक्ष्मणराव विचारून फुलं नेतात.

गुढीपाडवा झाला. शाळा सकाळच्या झाल्या, माळ्यावरचे कूलर खाली आले, त्यांना वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या आणि ते आपापल्या खिडक्यांत बसले. कैऱ्या आल्या. आणि एका दुपारी काकूंच्या टीव्हीवर फाटक दिसेना. नुसत्या मुंग्या.

"दिपाली, येजो वो जरा!" त्यांनी हाक मारली. मी डबीचा अँटेना इकडून तिकडे फिरवला, अडाप्टर काढून लावला, टीव्हीला दोन चापट्या दिल्या. मुंग्या तशाच. लक्ष्मणराव म्हणाले, लोडशेडिंगनं विजेतला दम गेला. पलीकडच्या जयवंताबाई म्हणाल्या, उन्हानं कॅमेऱ्याचं डोकं फिरलं. काकूंचं निदान वेगळंच होतं. "नजर लागली त्याले. साऱ्या गल्लीच्या डोळ्यात भरला होता." त्यांनी स्टुलावर चढून कॅमेऱ्यापुढेच लिंबू-मिरची बांधली. म्हणजे चित्र आलं असतं तरी मिरचीच दिसली असती.

मग टीव्ही मेकॅनिक बापूराव आले. बापूराव हुशार, पण त्यांना एकाच वेळी फाटकही दिसायला हवं आणि टीव्हीही. म्हणून त्यांनी टीव्ही आणि डबी उचलून ओसरीत आणली, वायर जोडली, आणि चित्र एकदम स्वच्छ. मिरचीवरचा डागसुद्धा दिसला. मिरची बाजूला सरकवून, छाती फुगवून त्यांनी सगळं आत नेऊन ठेवलं. मुंग्या. पुन्हा ओसरीत आणलं. चित्र. पुन्हा आत. मुंग्या.

"काकू, मशीन ठणठणीत आहे," कपाळाचा घाम पुसत ते गंभीरपणे म्हणाले. "तुमच्या खोलीचंच काहीतरी वाकडं आहे. वास्तूवाल्याले दाखवा."

"तं मी टीव्ही घेऊन ओसरीतच बसू का बापूराव?"

"बसा. पण या उन्हात मेंदू वितळन."

हे सगळं बोलणं आम्ही कूलरच्या गार वाऱ्यात बसून करत होतो, आणि कूलरच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून ओरडून करत होतो.

दर रविवारी पियुषचा फोन यायचा. "कॅमेरा चालून राह्यला ना?" काकू म्हणायच्या, "आहे जागेवर." मी त्यांना म्हटलं, "काकू, पियुष परीक्षा घ्यायला येईल तेव्हा मी माझ्या खिडकीतून मोबाईलवर मिस कॉल देते. एक रिंग म्हणजे तानबा, दोन म्हणजे जयवंताबाई." युक्ती नामी होती. काकूंनी मान हलवली. "नाई वो. लबाडी मी जलमभर पाह्यली, कराले जमत नाई." त्या रात्री मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण गल्ली रिकामी होणार होती ती माझीच.

मे महिन्यात पियुष आणि सून रीता आले. पियुषनं स्वतः कॅमेरा उघडला, पुसला, डबीवरचे सगळे चॅनल बदलून पाहिले, आणि सबंध दिवस घालवून मुंग्याच पाहिल्या. मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," काकू म्हणाल्या. व्यापाऱ्याच्या घरात दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्या उठल्या आणि ट्रंक काढायला गेल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी मी रीताबरोबर साड्यांच्या घड्या घालत होते. काकू एकेक वस्तू वाटत होत्या. भर दुपारी त्यांना आठवलं की भांडीवाल्या मंदाबाईचं घर टिनाचं आहे. "हा कूलर तिले देजो पियुष. आपण तं चाललो." पियुष आणि मंदाबाईच्या नवऱ्यानं फाटकाकडच्या खिडकीतला कूलर स्टँडवरून उतरवला, अंगणात पाणी ओतलं आणि ठेल्यावर चढवला. त्याला निरोप द्यायला काकू फाटकापर्यंत गेल्या. मोकळ्या खिडकीतून अशी झळ आली की रीतानं धडाधड लाकडी फळ्या लावल्या आणि वर पडदा ओढला. पियुष आत येऊन कॅमेऱ्याची डबी खोक्यात भरणार, तोच थांबला.

टीव्हीवर फाटक दिसत होतं. कडेला लटकलेल्या मिरचीसकट, स्वच्छ.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. पियुषनं टीव्हीकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. लाकडाला आणि पडद्याला न जुमानणारं ते चित्र पत्र्याच्या, पाण्यानं भरलेल्या, ओल्या ताट्यांच्या त्या धुडापाशी येऊन अडत होतं. टीव्ही ओसरीत नेला की धूड मागं राहायचं. सगळं घर हुडकलं आम्ही, पण कूलरकडे कोणाची नजर गेली नाही. जाणार कशी? कूलर ही आमच्याकडे वस्तू नाही, तो ऋतू आहे.

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चित्रात ठेला निघाला होता. मंदाबाई काकूंच्या पाया पडली. डोक्याला दुपट्टा गुंडाळून लक्ष्मणराव आले, जास्वंदीजवळ उगाच घुटमळले, हात जोडून गेले. जयवंताबाईंनी पदराखालून काहीतरी डब्यात दिलं. सगळ्यांशी काकू हसत होत्या, कोणाला तरी बोट दाखवून दटावतही होत्या. मग सगळे गेले. रखरखीत गल्लीत त्या एकट्याच उरल्या. त्यांनी या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. कोणी बघत नाही याची खात्री झाल्यावर फाटकाला टेकून, तोंडाला पदर लावून त्या रडू लागल्या.

साऱ्या जगाला पाहणाऱ्या त्या बाईला असं पाहायची आमची पहिलीच वेळ. प्रभाकररावांना नेलं त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. पियुष टीव्हीसमोर उभा राहून बाहीनं डोळे पुसत होता. मला त्याचा दिवाळीपासून राग होता. तो राग तेवढ्यात गेला.

काकू डोळे पुसून आत आल्या. टीव्हीवर नजर गेली. "अगं माय! आला का हा? केव्हा आला?"

"आत्ताच," पियुष म्हणाला. "कूलर अडवून राह्यला होता."

"काय दिसलं?"

"काही नाई. मंदाबाई ठेला नेताना दिसली."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे लाल डोळे पाहिले, हातातली डबी पाहिली, खोक्याकडे सरकत नसलेले हात पाहिले. कापडाच्या दुकानात सगळा जन्म काढलेली बाई ती.

"दिपाली," त्या म्हणाल्या, "पियुषसाठी चहा ठेवजो वो. अद्रकवाला."

बिनकूलरच्या घरात, त्या भट्टीत मी चहा उकळला. पियुषनं कप घेतला. काकू समोर बसून मायेनं त्याच्याकडे बघत होत्या. रीता पदरानं वारा घेत होती. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला. घाम त्याच्या नाकावरून कपात पडायला लागला.

कप अर्धा झाला तेव्हा तो म्हणाला, "आई, तू इथंच राह्य."

"बरं," काकू म्हणाल्या. "पी आधी, गार होते."